शरदातलं ऊन पाणी

बीड जिल्ह्यात पोहायला शिकण्याचा हंगाम उन्हाळा नव्हे, दिवाळी. पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांना हे सांगितलं की नवल वाटतं, कारण त्यांच्याकडं पोहण्याचा वर्ग म्हणजे मे महिन्याची सुट्टी. आमच्याकडं मे महिन्यात विहिरीत उडी टाकली तर कपाळमोक्षच व्हायचा. जिल्ह्याचा सरासरी पाऊस साडेसहाशे मिलिमीटरच्या घरात, आणि तोही भरवशाचा नाही. भाद्रपद सरता सरता विहिरी डबडबतात, संक्रांतीनंतर उतरायला लागतात आणि शिमग्यापर्यंत कित्येकींचा तळ उघडा पडतो. म्हणून पोहायला शिकायचं ते दसऱ्यापासून मार्गशीर्षापर्यंत. पण नेमक्या ह्याच दिवसांत थंडीही येते. ऑक्टोबरात दुपारी बत्तीस-तेहेतीस अंश आणि पहाटे अठरा-एकोणीस. नोव्हेंबर सरताना पहाट त्याहून कितीतरी गार. अशा हवेत अंगात फक्त चड्डी घातलेली पोरं तासन्‌तास पाण्यात कशी राहायची?

अंबाजोगाई तालुक्यातल्या शाळांत मी आयुष्यभर विज्ञान शिकवलं. पण हा प्रश्न मला पुस्तकातून पडला नाही, तो पडला काकड्याच्या दिवसांत. कोजागरीपासून कार्तिकी पौर्णिमेपर्यंत आमच्या गावात पहाटे काकडआरती असायची. त्याआधी अंघोळ उरकायची, आणि ती बारवेत. बायका सगळ्यांत आधी, काळोखात, एक कंदील घेऊन. बारव पांढरीच्या कडेला होती. तीन बाजूंनी ताशीव दगडाच्या पायऱ्या, एका कोनाड्यात शेंदूर फासलेल्या साती आसरा. वरच्या पायरीवर वाऱ्यानं दात वाजायचे. आजी खालून हाक मारायची, "वर का कुडकुडतीस गं? आत उतर, पाणी ऊन हाय." आणि खरंच असायचं. पाण्यावर वाफ तरंगायची. गळ्याइतक्या पाण्यात उभं राहिलं की थंडी डोक्यापुरती उरायची. बाहेर निघणं जिवावर यायचं.

त्या बारवेत आम्ही मुलीसुद्धा पोहायला शिकलो. पाठीला वाळका भोपळा किंवा पांगाऱ्याच्या लाकडाचा बिंडा बांधायचा, पुढच्या पिढीत त्याच्या जागी तेलाचा पत्र्याचा डबा आला आणि मग प्लास्टिकचा कॅन. मुलींचं पोहणं न्हाणं आलं की थांबवलं जायचं. मुलं मात्र मुटके मारायची, सूर मारायची, तळाची माती मुठीत घेऊन वर यायची.

पुढं नोकरीत आल्यावर शाळेच्या प्रयोगशाळेतली तापमापी दोरीला बांधून विहिरीत सोडायचा माझा नेम झाला. सातवी-आठवीची पोरं कठड्याभोवती गोळा व्हायची. पहाटेची हवा पंधरा असो की दुपारची चौतीस, खोलवरचं पाणी सव्वीस-सत्तावीसच्या आसपास. हिवाळ्यात तेच, उन्हाळ्यात तेच. पोरांना वाटायचं तापमापी बिघडलीय. मग मी त्यांना वर्षभराच्या हवेच्या तापमानाची सरासरी काढायला लावायची. आमच्या भागात ती साधारण तेवढीच येते.

ह्यामागचं कारण असं. चैत्र-वैशाखात जमिनीचा वरचा थर तापतो आणि ही ऊब खडकातून हळूहळू खाली झिरपते. आमचा काळा पाषाण उष्णता सावकाश वाहून नेतो. सात मीटर खोल जायला तिला चार-पाच महिने लागतात आणि तोवर ती अगदी मंद होऊन जाते. थंडीचंही तसंच. त्यामुळं आठ-दहा मीटरच्या खाली उन्हाळा पोचत नाही की हिवाळा पोचत नाही, तिथं उरते ती सगळ्या वर्षाच्या उन्हाची सरासरी. खडकाच्या भेगांतून विहिरीत जो पाझर येतो तो हीच ऊब घेऊन येतो. आज जगभरात स्पर्धेच्या जलतरण तलावाचं पाणी पंचवीस ते अठ्ठावीस अंशांत राखावं असा नियम आहे, आणि त्यासाठी थंड देशांत बॉयलर लागतात. आमच्या विहिरी त्याच मापाच्या पाण्यानं भरलेल्या होत्या आणि ते तापवणारा सूर्य होता.

मला सांगायचं आहे ते इथंच. शरदात पाणी तापवणं अवघड नाही, ते ऊन राखणं अवघड आहे. उघड्या तळ्याला दिवसा भरपूर ऊन मिळतं, पण पहाटेपर्यंत त्यातलं बरंचसं निघून जातं. पाऊस परतला की मराठवाड्याची हवा कोरडी होते, आकाश निरभ्र होतं आणि पाण्याची वाफ झपाट्यानं व्हायला लागते. एक लिटर पाण्याची वाफ झाली की मागं राहिलेल्या सुमारे ५८० लिटर पाण्याचं तापमान एक अंशानं उतरतं. एवढी उष्णता ती वाफ बरोबर घेऊन जाते. वारा जितका मोकळा तितकी वाफ जास्त. उथळ तळ्यात हा तोटा हातभर पाण्यानं सोसायचा असतो. विहिरीत तोच तोटा तीस-चाळीस फूट पाण्यात वाटला जातो, कठड्यामुळं वारा पाण्याला लागत नाही, रात्रीचं आकाश तिला थोडंसंच दिसतं आणि भोवतीचा दगड वरून गमावलेली ऊब खालून भरून देत असतो. आमच्या बारवा बांधणाऱ्या पाथरवटांनी हे गणित कागदावर मांडलं नसेल. पण अरुंद तोंड, खोल पोट आणि वाऱ्याला आड येणाऱ्या भिंती त्यांनी बांधल्या, आणि त्या शतकानुशतकं टिकल्या.

ह्या दोन तऱ्हा बीड शहरात आणि त्याच्या आसपास पाहायला मिळतात. कंकालेश्वराचं देऊळ पाण्यानं भरलेल्या कुंडाच्या मधोमध उभं आहे. कुंड उघडं, पसरट. दुपारी त्याच्या काठाचं पाणी हाताला ऊबदार लागतं, पहाटे तेच बोटं बधिर करतं. आणि शहराच्या दक्षिणेला काही किलोमीटरवर खजाना बावडी आहे.

खजाना बावडी १५८२ सालची. अहमदनगरच्या मुर्तझा निजामशाहाच्या काळात बीडची जहागीर सलाबतखानाकडं होती, त्यानं ती बांधवली. बांधकामाची आखणी राजा भास्कर ह्या स्थपतीनं केली असं सांगतात. हाच सलाबतखान नगरच्या फराहबागेचं काम १५८३ मध्ये पुरं करणारा. तिथला महाल मोठ्या तलावाच्या मध्यावर बांधलेला. नगरजवळच्या डोंगरावर ज्याला लोक चांदबीबीचा महाल म्हणतात, ती खरं तर ह्याच सलाबतखानाची कबर. पाण्याचं वेड असलेला माणूस होता. बीडमधली लोककथा सांगते की नगरहून आलेला सरकारी खजिना त्यानं विहिरीवर खर्च केला आणि हिशेब मागितल्यावर खजिना विहिरीतच आहे म्हणून सांगितलं. कथा खरी असो वा नसो, विहीर पाहिली की पटते.

ही नुसती साठवणीची विहीर नाही. जमिनीखालच्या बोगद्यांतून पाणी तिच्यात येतं आणि बोगद्यातूनच उताराकडच्या शेतांत जातं. मोट नाही, पंप नाही, उतारावर सगळं चालतं. दुष्काळातही पाण्याची पातळी हलत नाही, अशी तिची ख्याती. दख्खनमध्ये त्या सुमारास अशी कामं पुष्कळ झाली: औरंगाबादची मलिक अंबरची नहर, बुऱ्हाणपूरचा १६१५ चा कुंडी भंडारा. जमिनीखालून पाणी नेण्याची ही विद्या इराणातून आली आणि इथल्या काळ्या दगडात मुरली. तिचा मोठा लाभ म्हणजे वाटेत पाण्याची वाफ होत नाही. माझ्यासारखीला आणखी एक लाभ दिसतो. खजाना बावडीतलं पाणी थांबलेलं नाही, सतत बदलतं, आणि बदलून येणारं प्रत्येक घागरभर पाणी खडकातली ऊब घेऊनच येतं. चालू भाषेत सांगायचं तर जिथं रात्रंदिवस तापलेलं पाणी फिरत राहतं असा तो तलाव आहे, आणि त्याला चारशे चाळीस वर्षं होऊन गेली.

उन्हानं तापलेल्या शरदातल्या पाण्याबद्दल आपल्याकडं फार जुनं लेखन आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात ऋतुचर्या सांगितली आहे. त्यात शरद ऋतूतलं खास पाणी म्हणजे हंसोदक. दिवसा सूर्यानं तापलेलं, रात्री चंद्रानं निववलेलं, अगस्त्याच्या उदयानं निर्विष झालेलं. ते पिण्याला, अंघोळीला आणि त्यात उतरून बसण्याला हितकर, असं चरक म्हणतात. पावसाळ्यातला गाळ ह्या दिवसांत बसतो, पाणी नितळ होतं आणि नितळ पाण्यात ऊन खोलवर जातं, हे निरीक्षण त्यामागं असावं असं मला वाटतं. अगस्त्याचा तारा आमच्याकडून चांगला दिसतो. ऑक्टोबरच्या अखेरीला काकड्याच्या वेळी तो दक्षिणेला आपल्या सर्वांत उंच जागी असतो. शाळेतल्या पोरींना मी तो पहाटे दाखवलेला आहे.

घराघरांतली गोष्ट मात्र सरपणाची होती. बालाघाटाच्या डोंगरावर झाडी विरळ. चुलीला पऱ्हाट्या, तुराट्या, गोवऱ्या, बाभळीच्या काटक्या. ज्वारीची धसकटंसुद्धा वेचून आणायची. भाकरीला पुरेल एवढंच सरपण, मग अंघोळीला कुठून आणायचं? नरकचतुर्दशीच्या अभ्यंगाला तेवढं चुलवणावर मोठं हांडं चढायचं. पैसेवाल्यांकडं तांब्याचा बंब होता, पण त्यालाही लाकूड लागतंच. बाळंतिणीच्या घरी दुपारी पितळी घंगाळं किंवा बुडाला काजळी धरलेलं पातेलं उन्हात ठेवायचे, वर ताट झाकायचे. काळ्या भांड्यातलं पाणी लवकर तापतं आणि झाकलं तर ऊन राहतं, हे प्रत्येक आजीला ठाऊक होतं. त्याच पाण्यानं बाळाला न्हाऊ घालायचं. आजच्या सोलर हीटरमधली दोन मुख्य कामं, काळा रंग ऊन शोषायला आणि झाकण ऊब धरायला, ती अंगणातच होत होती.

इथं एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढं जाणं मला खोटं वाटतं. बारवेची ही ऊब गावातल्या सगळ्यांची नव्हती. दलित वस्तीची विहीर वेगळी. बहुधा लहान, उथळ, पायऱ्या नसलेली आणि लवकर आटणारी. गावच्या बारवेवर त्यांनी उतरायचं नाही. महाडचा सत्याग्रह १९२७ चा, पण आमच्या भागात सत्तरच्या दशकातही डॉ. बाबा आढावांना 'एक गाव एक पाणवठा' ही चळवळ घेऊन गावोगाव फिरावं लागलं. माझ्या वर्गातली कितीतरी पोरं पोहायला शिकलीच नाहीत, कारण त्यांना उतरायला पाणीच नव्हतं. बारवांच्या सौंदर्यावर आज लेख येतात, फोटो येतात, ते मला आवडतातच. पण त्या पायऱ्या कोणाच्या पायांसाठी होत्या हे विसरून ते लिहू नयेत.

आणि दसऱ्यानंतर गाव अर्धं रिकामं व्हायचं, अजूनही होतं. ऊसतोडीला निघालेल्या गाड्या, आता ट्रॅक्टर आणि ट्रक. विहिरी भरलेल्या आणि पाणी ऊबदार, अशा नेमक्या महिन्यांत आमच्या जिल्ह्यातली लाखो माणसं दुसऱ्याच्या फडावर कोपीत, म्हणजे झोपडीत, राहतात. तिथल्या बायका अंधारात, आडोसा शोधून, पाटाच्या नाहीतर टँकरच्या गार पाण्यानं अंग धुतात. भोवती पाचटाचे ढीग, पण पाणी तापवायला वेळ नसतो. माझ्या विद्यार्थिनी आता आया झाल्यात, त्याच मला हे सांगतात. साखर कारखान्यांनी कोप्यांच्या तळावर उन्हावर चालणारे साधे बंब आणि न्हाणीघरं उभारली तर खर्च फारसा नाही. हे व्हायला हवं, आणि लवकर.

बारवेत उतरणं बंद झालं ते दोन कारणांनी. पहिलं कारण नारू. माणूस पायऱ्या उतरून पिण्याच्या पाण्यात पाय घालतो, त्याच्या पायावरच्या फोडातून नारूच्या अळ्या पाण्यात सुटतात, त्या पाण्यातल्या बारीक किड्यांच्या पोटात जातात आणि तेच पाणी पिणाऱ्याच्या अंगात वर्षभरानं हातभर लांब जंत तयार होतो. मराठवाड्यात माझ्या लहानपणी पायातून काडीवर गुंडाळून नारू काढलेली माणसं होती. ऐंशीच्या दशकात देशभर निर्मूलनाची मोहीम निघाली. पायऱ्यांच्या विहिरी बंद करायच्या किंवा त्यांना कठडा बांधून रहाट बसवायचा, हा तिचा मोठा भाग होता. भारतातला शेवटचा रुग्ण जुलै १९९६ मधला, आणि २००० साली जागतिक आरोग्य संघटनेनं देश नारूमुक्त ठरवला. ही फार मोठी गोष्ट झाली. तिच्यासाठी पायऱ्यांवर पाणी सोडावं लागलं, ते योग्यच होतं.

दुसरं कारण १९७२ चा दुष्काळ. त्यानंतर गावोगाव बोअर मारायची यंत्रं आली. पिण्याचं पाणी हातपंपावर गेलं, मोटेची जागा विजेच्या पंपानं घेतली. मोट चालायची तेव्हा विहिरीवर दिवसभर राबता असायचा. पंपाला एक बटण पुरतं. बोअर खोल गेले तशी विहिरींची पातळी उतरली, आणि ज्या बारवेवर कोणी जात नव्हतं तिच्यात निर्माल्य, प्लास्टिक, घरं पाडल्याचा राडारोडा पडायला लागला. आता 'महाराष्ट्र बारव मोहीम' तरुणांना घेऊन त्या साफ करते, महाशिवरात्रीला पायऱ्यांवर दिवे लावते. त्यातल्या काही बारवा मी पाहिल्या आहेत. तळातला गाळ निघाला की झरे पुन्हा वाहतात, खडक काही विसरलेला नसतो.

पाणी उन्हावर तापवण्याचं यंत्र मात्र आपल्याकडं फार उशिरा रुजलं, आणि गंमत म्हणजे त्याचा एक महत्त्वाचा प्रयोग मुंबईतच झाला होता. विल्यम अ‍ॅडम्स नावाचा इंग्रज सरकारी अधिकारी कुलाब्याला राहायचा. दख्खनमध्ये १८७६ ते ७८ चा भयंकर दुष्काळ चालू असताना त्यानं आरशांनी ऊन एकवटून अन्न शिजवलं, वाफेचं छोटं इंजिन चालवलं, आणि १८७८ साली मुंबईतून 'सोलर हीट' ह्या नावाचं पुस्तक काढलं. उष्ण प्रदेशांत लाकूड-कोळशाऐवजी ऊन वापरता येईल, हा त्याचा आग्रह. ते पुस्तक आमच्या पऱ्हाट्या वेचणाऱ्या बायांपर्यंत पोचलं असतं तर काय झालं असतं, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

पुढची पावलं अमेरिकेत पडली. बाल्टिमोरच्या क्लॅरेन्स केम्पनं १८९१ साली काळ्या टाक्या काचेच्या पेटीत बसवून उन्हाचा बंब केला. दिवसभर पाणी तापायचं, पण रात्री टाक्या निवायच्या आणि सकाळी पाणी गार. मग १९०९ च्या सुमारास कॅलिफोर्नियात विल्यम बेली ह्यानं तापणारा भाग आणि साठवणारा भाग वेगळा केला. खाली काळ्या नळ्यांची पेटी, वर ऊब धरणारं वेष्टण दिलेली टाकी. तापलेलं पाणी हलकं होऊन आपोआप वर चढतं, गार पाणी खाली येतं, पंप लागत नाही. आज अंबाजोगाईच्या घरांच्या गच्च्यांवर जे सोलर दिसतात त्यांचं तत्त्व तेच. बेलीनं जगाला शिकवलं ते ऊन राखायला.

पोहण्याच्या तलावाची गरज मात्र अंघोळीच्या पाण्याहून उलटी असते. अंघोळीला थोडं पाणी पुष्कळ तापवायचं. तलावाला प्रचंड पाणी दोन-चार अंश वर न्यायचं. पंचवीस मीटर लांब, साडेबारा मीटर रुंद आणि सरासरी दीड मीटर खोल तलावात सुमारे पावणेपाच लाख लिटर पाणी मावतं. ते एक अंश तापवायला साडेपाचशे युनिटांच्या आसपास ऊर्जा लागते. वीज वापरून हे करायचं म्हणजे पैशांची होळी. आमची परळीची वीज कोळशावर आणि पाण्यावर चालते, आणि २०१३ साली पाण्याअभावी ते केंद्रच बंद ठेवावं लागलं होतं. सूर्याकडून हे काम स्वस्तात होतं. काचेचीही गरज नाही, काळ्या प्लास्टिकच्या बारीक नळ्यांच्या चटया गच्चीवर पसरायच्या आणि तलावाचा गाळणीचा पंप पाणी त्यांतून फिरवतो. १९६९ पासून कॅलिफोर्नियात फ्रीमन फोर्ड ह्यांच्या फॅफ्को कंपनीनं अशा चटया विकायला सुरुवात केली. तलावाच्या पृष्ठभागाच्या निम्म्यापासून बरोबरीइतकं क्षेत्र लागतं. बीडच्या ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या निरभ्र उन्हात हे उत्तम चालेल.

तरीही कोणी मला विचारलं की तलाव बांधतोय, शरदात पाणी ऊबदार कसं ठेवू, तर मी चटया दुसऱ्या क्रमांकावर सांगेन. आधी आच्छादन. संध्याकाळी पोहणं संपलं की पाण्यावर प्लास्टिकचं झाकण अंथरायचं. वाफ थांबली की निम्म्याहून जास्त तोटा थांबतो, आणि पाणीही वाचतं. मग वाऱ्याचा बंदोबस्त. थंडीत आमच्याकडं वारा उत्तर-पूर्वेकडून येतो, त्या अंगाला भिंत किंवा दाट कुंपण हवं. दक्षिण आणि पश्चिम मोकळी, म्हणजे दुपारचं ऊन पुरेपूर पडतं. तळाला गडद रंगाच्या फरशा. हे सगळं करून उणं राहील तेवढंच गच्चीवरून आणायचं.

ह्या जिल्ह्यात पोहण्याच्या तलावाबद्दल बोलायचं म्हणजे संकोच वाटतो, हेही खरं. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं गेलं, आणि मैदानांवर मारल्या जाणाऱ्या पाण्याचा प्रश्न उच्च न्यायालयात जाऊन आयपीएलचे सामने महाराष्ट्राबाहेर न्यावे लागले. टँकरच्या रांगेत उभ्या असलेल्या बाईला कोमट तलावाची गोष्ट कोण सांगणार? पण पोहता येणं ही चैन नव्हे. त्याच वर्षी राज्य सरकारनं 'मागेल त्याला शेततळे' योजना आणली आणि बीडमध्ये शेततळ्यांची संख्या झपाट्यानं वाढली. काळ्या प्लास्टिकचा कागद अंथरलेली, पाण्यानं भरलेली, दिवसभर उन्हात पडलेली ही तळी. काळा तळ ऊन शोषतो, ऑक्टोबरात दुपारनंतर त्यांचं पाणी अंगाला ऊबदार लागतं, आणि पोरांना ते ओढून घेतं. मात्र शेवाळलेल्या कागदावर पाय ठरत नाही. उतार निसरडा, पकडायला काही नाही, आणि पोहता येत नसलेलं पोर एकदा घसरलं की वर येत नाही. दरवर्षी मराठवाड्यातल्या वर्तमानपत्रांत ह्या बातम्या येतात, बऱ्याचदा दोन भावंडं एकदम. बारवेला पायऱ्या होत्या, शेततळ्याला नाहीत. जुनं सोडताना आपण नेमकं तेच सोडलं ज्यानं जीव वाचत होता.

म्हणून निवृत्तीनंतर मी गावोगावच्या शेतकऱ्यांना गाठून दोन गोष्टी मागते. शेततळ्याच्या चारही कडांना गाठी मारलेला जाड दोर पाण्यापर्यंत सोडा, वरचं टोक पक्क्या खुंटाला बांधा. आणि एक-दोन जुने टायर तारेनं जोडून उतारावर शिडीसारखे टाका. खर्च काही शेकड्यांचा. बहुतेक जण ऐकतात, काही जण पुढच्या हंगामात करू म्हणतात, त्यांच्याकडं मी पुन्हा जाते. मुलींना शिकवायला आता आई-बापांची ना नसते, हा माझ्या आयुष्यात घडलेला फार मोठा फरक आहे.

साफ केलेली बारव जवळ असेल तर वर्ग बारवेतच घ्यावा, पोहता येणारी दोन मोठी माणसं पाण्यात आणि एक पायरीवर. सकाळी लवकर घेतला तरी चालतो, खालचं पाणी पहाटेही तेवढंच ऊन असतं. उघड्या तळ्यात मात्र सकाळी कधीच नाही. तिथं दुपारी तीन ते पाच, वारा पडलेला असताना, अर्ध्या तासाच्या वर नाही, आणि पोराचे ओठ निळसर दिसले की लगेच बाहेर काढून कोरडं पुसायचं. दिवाळीच्या सुट्टीत दोन आठवडे असे मिळाले तर दहा वर्षांचं पोर डब्याशिवाय विहिरीची रुंदी पार करतं.